हॅम्बुर्गचे चौघे अनोळखी

गुप्तपोलिसी कथांचा नाद मला नोकरीच्या आधीपासूनचा. जळगावच्या व. वा. वाचनालयातून बाबुराव अर्नाळकरांची पुस्तके आणून ती एका बैठकीत संपविणाऱ्या पिढीतला मी. पुढे ज्या खात्यात उभी हयात गेली, त्या खात्याविषयीच्या माझ्या प्रारंभीच्या कल्पना झुंजार आणि काळा पहाड यांनीच घडविल्या होत्या. शिपाई म्हणून दाखल झाल्यावर मात्र तो नाद आपोआप सुटला. कामाचा व्याप हे त्याचे एक कारण झाले. परंतु खरे कारण असे की, त्या कथांतील मयत हा केवळ निमित्तमात्र असतो, पहिल्या प्रकरणात त्याला मारले की लेखकाचा त्याच्याशी असलेला संबंध संपतो आणि उरलेले सारे पुस्तक मारणाऱ्याच्या मागे धावते. आणि पूर्व-पश्चिम खानदेशातील निरनिराळ्या ठाण्यांत आकस्मिक मृत्यूंचे कागद सांभाळीत ज्याची वर्षे गेली, त्याला हे धावणे हळूहळू परके वाटू लागते.

निवृत्तीनंतर पुष्कळ वर्षांनी नातीने एक जाडजूड इंग्रजी कादंबरी हाती दिली, ‘द मर्डरर इन रुइन्स’. मूळ जर्मन, लेखक काइ राडेमाखर, मूळ प्रकाशन २०११ चे. काळ १९४७ च्या हिवाळ्याचा, स्थळ हॅम्बुर्ग. जुलै १९४३ च्या बाँबवर्षावात ते शहर जळून गेले होते, हजारो माणसे एकेका रात्रीत मेली होती, आणि युद्ध संपून दीड वर्ष झाले तरी लोक ढिगाऱ्यांत, तळघरांत, अर्धगोल पत्र्याच्या झोपड्यांत राहत होते. शहरावर अंमल ब्रिटिश लष्कराचा. कोळसा नाही, भाकरी शिधापत्रिकेवर, पैशाला किंमत नाही म्हणून व्यवहार सिगारेटींवर चाललेला, आणि त्यात अशी थंडी की माणूस रात्री निजला तर सकाळी उठेलच याची शाश्वती नाही. अशा शहरात जानेवारीच्या विसाव्या दिवसापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, चार आठवड्यांच्या आत, ढिगाऱ्यांमध्ये चार प्रेते सापडतात: एक तरुण स्त्री, एक वृद्ध पुरुष, एक लहान मुलगी आणि आणखी एक स्त्री. चौघांचाही गळा आवळलेला. अंगावर वस्त्र नाही, जवळ कागद नाही.

ही घटना लेखकाने रचलेली नाही. ती हॅम्बुर्गमध्ये खरोखरच घडली, तिचे कागद तेथील पोलिसांच्या दप्तरात आहेत, आणि प्रेतांच्या छायाचित्रांची हजारो भित्तिपत्रके लावूनही त्या चौघांना ओळखणारे एकही मनुष्य पुढे आले नाही. खुनी सापडला नाही हे एक वेळ समजण्यासारखे आहे. खुनी न सापडणे ही आमच्याही खात्यात अपूर्व गोष्ट नव्हे. पण चार माणसे, त्यांत एक सहासात वर्षांची मुलगी, आणि त्यांना ‘ही आमची’ म्हणणारे कोणीही नाही! त्या पानावर मी पुस्तक मिटून ठेवले आणि त्या दिवशी पुढे वाचले नाही.

आमच्याकडे अशा मृत्यूची नोंद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ व्या कलमाखाली होत असे. १८९८ च्या जुन्या संहितेतही कलम १७४ च होते, १९७३ च्या नव्या संहितेतही तेच राहिले. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १९४ झाले आहे. कलमाचा आकडा बदलला तरी काम बदललेले नाही. खबर मिळाली की दोन पंच घेऊन जागेवर जावयाचे, प्रेत कोणत्या दिशेस डोके करून पडले आहे येथपासून पंचनाम्यास प्रारंभ करावयाचा, वय अंदाजे, उंची, वर्ण, बांधा, अंगावरील कपडे, गोंदण, जुन्या जखमांचे व्रण, दातांची स्थिती, कानाची पाळी टोचलेली की नाही, हातापायाला घट्टे आहेत काय, हे सारे लिहावयाचे. कपडे व चीजवस्तू पुडक्यात बांधून लाखेची मोहोर करून मुद्देमालात जमा करावयाच्या. छायाचित्र, बोटांचे ठसे, शेजारच्या जिल्ह्यांना बिनतारी संदेश. आणि मुदतीत कोणी न आल्यास दफन. दहन नव्हे, कारण कोणी पुढे आलेच तर दाखविण्यास काही तरी उरले पाहिजे. भुसावळसारखे मोठे जंक्शन जिल्ह्यात, उत्तरेकडून मुंबईस जाणारा लोहमार्ग सारा जिल्हा चिरीत गेलेला, तापी आणि गिरणा यांचे पूर वरून काय काय वाहून आणतील त्याचा नेम नाही. त्यामुळे ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे’ हे शब्द माझ्या लेखणीतून जितक्या वेळा उतरले तितक्या वेळा माझे स्वतःचे नावही उतरले नसेल.

हे काम मला एका वृद्ध जमादारांनी शिकविले. ते इंग्रजी अमदानीत भरती झालेले. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे चाललेला सरकारी खजिना चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी लुटला. साडेपाच लाखांच्या घरातली ती रक्कम साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या कामी गेली. डॉ. उत्तमराव पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही मंडळी त्यात होती. जमादार त्या वेळी तरुण शिपाई होते, आणि लुटीनंतर खेडोपाडी जी झडती चालली तीत वरिष्ठांच्या हुकुमाने त्यांनाही फिरावे लागले. पुढे तीन वर्षांत राज्य बदलले. ज्यांच्या शोधात ते रात्री-अपरात्री शेते तुडवीत होते त्यांच्याच सत्काराच्या सभेला बंदोबस्तावर उभे राहण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. (नागनाथअण्णांना २००९ साली पद्मभूषण मिळाले तेव्हा जमादार हयात नव्हते, असते तर त्यांना संतोष वाटला असता, हे मी त्यांच्या बोलण्यावरून खात्रीने सांगू शकतो.) हा विषय त्यांनी माझ्यापाशी एकदाच काढला. एका रात्री ठाण्याच्या ओसरीवर बसले असता ते म्हणाले, “साहेब बदलले, झेंडा बदलला, गुन्ह्याचं नाव बदललं. माझ्या हातचे कागद तेवढे तसेच राहिले. डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहिलं होतं, म्हणून आजही त्यांच्याखालची सही माझीच आहे म्हणायला मला लाज वाटत नाही.”

कादंबरीतील इन्स्पेक्टर फ्रांक श्टाव्हे याला वाचताना मला वारंवार ते जमादार आठवले. श्टाव्हेची पत्नी बाँबवर्षावात गेलेली, मुलगा युद्धावर जाऊन बेपत्ता झालेला. परत येणाऱ्या युद्धकैद्यांच्या घोळक्यांत मुलाचा माग काढण्यासाठी तो स्टेशनवर जातो, आणि कामावर मात्र जेत्यांच्या हुकुमतीखाली, मॅकडॉनल्ड नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यासह, पराभूत शहराचा पोलिस म्हणून वावरतो. त्याच्या कचेरीतल्या कोणत्या सहकाऱ्याने मागील अमदानीत काय केले आहे, याची छाया प्रत्येक संभाषणावर पडलेली आहे. नाझी राजवटीशी इंग्रजी राजवटीची बरोबरी करण्याचा माझा मानस नाही. एकीने जे केले त्याला मनुष्यजातीच्या इतिहासात जोड नाही. परंतु राज्य उलटल्यानंतर तीच टोपी घालून त्याच मेजापाशी बसणाऱ्या माणसाच्या मनात काय चालते, हे लेखकाने फार मार्मिकपणे ओळखले आहे. चिमठाण्याची हकीकत लुटणाऱ्यांच्या बाजूने पुष्कळ वेळा सांगितली गेली आणि ती तशीच सांगितली जावी. पण झडती घेत फिरणाऱ्या त्या खानदेशी शिपायाच्या अंतःकरणातून ती एकदा कोणी मराठी कादंबरीकाराने लिहावी, अशी माझी फार इच्छा आहे.

ओळख पटविण्याच्या कामात जी आशा असते तीही सांगितली पाहिजे, नाही तर वाचकाचा समज होईल की ही नोकरी म्हणजे केवळ विषादाची परंपरा. रावेर-सावद्याच्या बाजूला, केळीच्या ट्रक भरण्याचा हंगाम जोरात असताना, रस्त्याकडेला एका तरुणाचे प्रेत मिळाले. बहुधा वाहनाची धडक. खिशात विडीचे बंडल आणि थोडी चिल्लर. मात्र सदऱ्याच्या गळपट्टीच्या आतल्या बाजूस शिंप्याच्या दुकानाची विणलेली पट्टी होती, अक्षरे धुवून धुवून फिकी झालेली, आणि त्यांत गावाचे नाव अर्धेच वाचता येत होते. त्या अर्ध्या नावाशी जुळणारी गावे नकाशावर काढून मी मध्य प्रदेशातील काही ठाण्यांना पत्रे धाडली. त्यांतल्या एका ठाण्याचा हवालदार खरोखरच कर्तव्यदक्ष निघाला. तो पत्र घेऊन थेट त्या शिंप्याकडे गेला. शिंप्याने कापडाचे वर्णन आणि काजांची पद्धत ऐकून सांगितले की हा सदरा त्याने एका लग्नासाठी शिवला होता, आणि नवऱ्या मुलाच्या धाकट्या भावाला तो झाला नाही म्हणून पुन्हा उसवून मोठा केला होता. आठवड्याच्या आत त्या मुलाचा बाप ठाण्यात आला. मुद्देमालातील पुडके मी त्याच्यापुढे सोडले. त्याने सदऱ्याच्या कुशीची उसवून घातलेली शिवण बोटाने चाचपली आणि मान हलविली. ज्या शिंप्याला मी कधी पाहिले नाही आणि ज्या हवालदाराचा आवाजही मी ऐकला नाही, त्या दोघांविषयी मला आजही आप्तासारखी माया वाटते.

या प्रकरणी एक बाप होता म्हणून ओळख पटली. माझ्या अनुभवाचे सार काढावयाचे झाले तर ते हे की, प्रेताची ओळख प्रेतावरून पटत नाही, ती त्याला शोधणाऱ्यावरून पटते. पंचनामा कितीही काटेकोर असला तरी पलीकडे कोठे तरी, कोणत्या तरी ठाण्यात, ‘आमचे माणूस घरी आले नाही’ अशी खबर कोणी दिलेली असावी लागते; दोन कागद एकमेकांना भेटले तरच नाव निघते. हॅम्बुर्गमध्ये दुसरा कागद कोठेच नव्हता. त्या वर्षी युरोपात लक्षावधी माणसे मूळ ठिकाणाहून उखडली गेली होती, रेड क्रॉसच्या शोधकचेऱ्यांत बेपत्ता माणसांची कार्डे ढिगाने साठली होती, आणि ज्यांना त्या चौघांची आठवण झाली असती ते स्वतःच कदाचित कोठल्या ढिगाऱ्याखाली गाडले गेले होते. १९४७ हेच वर्ष आपल्याकडेही उखडलेल्या माणसांचे. सिंधमधून घरेदारे टाकून निघालेली कुटुंबे जळगावला आणि धुळ्यालाही येऊन वसली. जळगावच्या सिंधी कॉलनीतील एका वृद्ध व्यापाऱ्यांशी माझा पुढे स्नेह जडला; त्या प्रवासात गर्दीत हात सुटलेल्या धाकट्या भावाविषयी ते वर्तमानकाळात बोलत असत, आणि मी पोलिसांतला म्हणून, बेवारस वृद्ध पुरुषाची बातमी छापून आली की मला भेटावयास येत. भावाचे वय वाढलेले असणार, याचा हिशेब त्यांनी कधी चुकू दिला नाही.

आता माझ्या नोकरीतील ज्या प्रसंगाने मला या कामाचा खरा अर्थ समजला तो सांगतो. पाटाच्या पाण्यातून एक प्रेत निघाले, पुरुष, वय वीस ते पंचवीस, बरेच दिवस पाण्यात राहिल्याने चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला. दोन दिवसांनी अमळनेरच्या बाजूची एक बाई, सोबत दीर आणि गावचे पोलिस पाटील, अशी मंडळी आली. तिचा मुलगा सुरतेला कामाला गेलेला, दीड वर्ष त्याची चिठ्ठी नाही. प्रेत दफन झाले नव्हते. तिने दुरूनच पाहिले, कपड्यांना हातही लावला नाही, आणि म्हणाली, “हाऊच मना आंडोर शे, दादा.” मी तिला मुलाच्या अंगावरच्या खुणा विचारल्या. लहानपणी बैलगाडीवरून पडून त्याचा डावा हात कोपराखाली मोडला होता आणि हाड वाकडे जुळले होते, असे तिच्या दिरानेच सांगितले. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना मी पुन्हा भेटलो. डाव्या हाताचे हाड सरळ होते, कोठेही जुन्या मोडीची खूण नव्हती.

प्रकरण येथे अवघड झाले. घरची मंडळी ओळख पटली म्हणत होती, पंचांची सही करण्यास हरकत नव्हती, आणि माझ्या एका वरिष्ठांचे म्हणणे असे पडले की आईने ओळखले यावर कोणते न्यायालय आक्षेप घेणार. बाईला क्रियाकर्म करू द्यावे आणि कागद निकालात काढावा. ते अधिकारी निर्दय नव्हते, उलट त्यांना त्या बाईची कणव आली होती. मला तशा अहवालावर सही करणे शक्य झाले नाही. मी बाईला बाजूला बसवून हाडाची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि मग जे बोलली त्याने मी हादरून गेलो. तिला ते ठाऊक होते. हा आपला मुलगा नाही हे तिने दुरूनच जाणले होते. पण दीड वर्ष दर सांजेला वाटेकडे पाहून ती थकली होती, सुनेला माहेरचे लोक नेतो म्हणत होते, गाव रोज विचारीत होते, आणि कोणाच्या तरी मुलाला आपला म्हणून अग्नी दिला तर निदान वाट पाहणे संपेल, असे तिच्या मनाने घेतले होते. “कोनी नही त्याले, मी रडसू त्यानाकरता,” असेही ती म्हणाली, आणि त्यात खोटे काहीच नव्हते.

मी शेरा लिहिला: अनोळखी. तिने जाताना मला शिव्याशाप दिले, आणि ते मी ऐकून घेतले.

त्यानंतर वर्षभराने बुलढाण्याकडचे एक कुटुंब आपल्या हरवलेल्या मुलाच्या शोधात जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरत आमच्या ठाण्यात आले. मुद्देमालाच्या खोलीतील ते पुडके मी त्यांच्यापुढे उघडले तेव्हा आतल्या कंबरपट्ट्याची, त्याच्या बहिणीने दोऱ्याने बांधून दुरुस्त केलेली कडी त्या बहिणीनेच ओळखली. मी त्या बाईच्या नावाने कागद निकालात काढला असता तर पुडके नष्ट झाले असते, आणि हे कुटुंब पुढच्या जिल्ह्यात गेले असते. त्याहूनही मोठी गोष्ट अशी की, सुरतेला गेलेला तो मुलगा सरकारदप्तरी मेला असता. कोणी त्याला पुढे शोधलेच नसते, आणि तो दाराशी येऊन उभा राहिला असता तर आपल्याच गावात त्याला आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागला असता. एका मयताला खोटे नाव देणे म्हणजे दोन माणसे हरवणे होय, हे मी त्या दिवशी शिकलो, आणि पुढे हाताखाली आलेल्या प्रत्येक तरुण शिपायास मी हीच हकीकत प्रथम सांगत आलो. त्या आईचा मुलगा माझी बदली होईपर्यंत बेपत्तांच्या नोंदवहीत होता. दर वर्षी वही नवी होताना त्याचे नाव मी स्वतःच्या हाताने पुढच्या वहीत उतरवीत असे.

म्हणूनच राडेमाखरांच्या कादंबरीशी माझे एका जागी तीव्र भांडण आहे. ही कादंबरी मला अतिशय आवडली, तिची शिफारस मी अनेकांना केली, आणि श्टाव्हेची पुढची प्रकरणे ज्यांत आहेत ते दोन भागही मी मागवून घेणार आहे. पण कादंबरी अखेरीस उत्तर देते. प्रत्यक्षात जे चौघे अद्यापि अनोळखी आहेत, त्यांचे गूढ ती उलगडते, त्यांच्या मृत्यूला कारण पुरविते. माझ्या नातीचे म्हणणे असे की कादंबरीकाराला हा अधिकार आहे. दप्तराला जे देता आले नाही ते कल्पनेने दिले तर त्यात त्या चौघांचा सन्मानच आहे. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि तिच्याशी वाद घालताना माझ्या डोळ्यांपुढे ती अमळनेरची बाई येते, हे मी तिला सांगितले आहे. त्या बाईची करुणाही खरीच होती. परंतु ज्या मुलीला १९४७ च्या फेब्रुवारीत एकाही माणसाने ओळखले नाही, तिच्या मृत्यूचे भयंकरत्व नेमके त्या न ओळखण्यातच आहे. तिला कथानकात बसविले की वाचकाला हायसे वाटते, आणि मला ते हायसे वाटणे नको होते. लेखकाने खुनी पकडला असता तरी चालले असते. त्या चौघांना त्याने तसेच, त्या भित्तिपत्रकांवर, राहू द्यावयास हवे होते.

२२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात परधाडे स्टेशनाजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली, घाबरलेल्या प्रवाशांनी रुळांवर उड्या घेतल्या आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली दहाहून अधिक जण ठार झाले. मृतांत नेपाळचे नागरिकही होते. आमच्या आळीतला एक तरुण शिपाई त्या दिवसांत बंदोबस्तावर होता. तिसऱ्या रात्री तो माझ्याकडे आला. आता आधारकार्डे आहेत, भ्रमणध्वनी आहेत, रक्ताची तपासणी आहे, आमच्या वेळचे शिंप्याच्या पट्टीचे दिवस गेले; तरी त्याची अडचण मला पूर्ण ओळखीची होती. नातेवाईक दुरून निघालेले, वरून घाई, आणि समोर कापडाने झाकलेली माणसे. एका मृतदेहाजवळ मिळालेले कार्ड त्याचेच की गर्दीत शेजाऱ्याच्या पिशवीतून पडलेले, याविषयी त्याला शंका होती, आणि ती शंका कागदावर लिहावी की नाही हे विचारण्यासाठी तो आला होता. मी त्याला म्हटले, “लिही. कार्ड अंगावर मिळाले की अंगाशेजारी, तेही लिही, किती हातांवर होते तेही लिही.” तो लगेच उठला, पंचनाम्याची प्रत अजून वर गेली नव्हती, आणि पहाटेपूर्वी त्याला पाचोऱ्यास पोहोचावयाचे होते.